हौसाची सकाळची धार

तीन महिन्यांत अकरा गाया. अकरा! आणि त्यातली एकही गाय घेणाऱ्यानं येऊन, कासेला हात लावून बघितलेली नव्हती. कुणी करमाळ्याचा, कुणी जुन्नरचा, एक तर पार लातूरकडचा. घरी बसून मोबाईलमध्ये गाय बघायची, फोनवर सौदा ठरवायचा आणि टेम्पो पाठवून द्यायचा, झालं. कडूबाईच्या हे काही केल्या गळी उतरत नव्हतं. माणूस मेथीची जुडी घेताना चारदा उलटीपालटी करून बघतो, आणि हे शहाणे न बघता गाय नेतात?

"कुठंतरी पानी मुरतंय मुक्ते," ती म्हणाली.

मुक्ताबाई म्हणजे शेजारीण. बांधाला बांध, गोठ्याला गोठा, आणि चाळीस वर्षांची संगत. ती मिश्री लावत होती, बोट तोंडात होतं, म्हणून आधी नुसतीच मान हलवली. मग चूळ भरून म्हणाली, "सून तुझी, दार तुझं. मला काय इचारती? जाऊन तिलाच इचार की."

"इचारून सांगंल व्हय ती? लई गोड बोलती. असल्यांना इचारून काय उपेग न्हाई, बघावंच लागतं."

पारनेरच्या आसपासच्या गावांत कडूबाईचं नाव काढलं की जुनी माणसं अजून मान डोलावतात. तिचा नवरा सहादेव जनावरांच्या बाजारात दलाली करायचा. तो गेला तेव्हा पोरगा अजिनाथ नऊ वर्षांचा होता. दिवस झाले, पाहुणे पांगले, आणि पुढच्याच बाजाराला बाईनं पदर खोचला आणि जनावरांच्या टेम्पोत जाऊन बसली. जनावरांच्या बाजारात बाई! लोक हसले. भाजीबाजार तिकडं हाय, म्हणाले. कडूबाईनं एक वर्ष ऐकून घेतलं. पण ती गायीभोवती एक फेरी मारायची, सडांना हात लावायची, तोंड उघडून दात बघायची, आणि वेत कितवं, दूध किती, खोड कसली ते सांगायची. सांगितलं तसंच निघायचं. दुसऱ्या वर्षी हसणारेच गाय दाखवायला तिच्याकडं यायला लागले. ‘कडूबाईनं सांगितलंय’ म्हटलं की घासाघीस तिथंच थांबायची. जमीन तिची दीड एकर, तीही कोरडवाहू. घर पत्र्याचं. बाईनं आयुष्यात कमावलं म्हणावं असं ते नाव, बाकी काही नाही.

चार वर्षांपूर्वी गुडघे गेले आणि बाजार सुटला. आणि आता तिच्याच दारात उभी राहून सून गाया विकत होती. उद्या त्यातली एक जरी फसवी निघाली, तर लोक काय सुनेचं नाव घेणार आहेत? कडूबाईच्या घरानं फसवलं, असंच म्हणणार. ह्या विचारानं तिला घास गोड लागत नव्हता.

सून धनश्री शिर्डीकडची. बापाचं देवळाच्या वाटेवर हार-प्रसादाचं दुकान. लहानपणापासून दुकानात बसलेली, त्यामुळं चालता माणूस कसा थांबवायचा हे तिला पाळण्यातच शिकवलंय, असं कडूबाईचं मत. पोरगी तशी कामाला वाघीण, शिकलेली, उलट शब्द बोलायची नाही. आता उलट न बोलणाऱ्या सुनेवर संशय घ्यायचा म्हणजे सासूलाही कमी कष्ट पडत नाहीत. अजिनाथ सुप्याच्या कंपनीत पाळीवर जायचा आणि बायकोच्या कामात तोंड घालायचा नाही. "आई, चाललंय ना चांगलं?" एवढंच त्याचं उत्तर. चांगलं चाललंय म्हणूनच तर भीती होती.

धनश्रीची रीत ठरलेली. गावात कुणाला गाय विकायची असली की ही मोबाईल आणि तीन पायांचा स्टँड घेऊन त्याच्या गोठ्यात हजर. ओळीनं तीन टायमाच्या धारा काढून दाखवायची, मध्ये कुठं व्हिडिओ थांबवायची नाही. पहिल्या धारेच्या आधीची धार निर्मळ, म्हणजे कासेत थेंब न ठेवता काढलेली पाहिजे, हा नियम. रिकामी बादली हुकाच्या काट्याला अडकवून काटा दाखवायचा, भरलेली अडकवून परत दाखवायचा. चारी सड एकेक करून पिळायचे. गाय चढावर चालवायची, उतारावर चालवायची. इथपर्यंत कडूबाईची काही तक्रार नव्हती. ती स्वतः बाजारात ह्याहून वेगळं काय करायची?

पण व्हिडिओच्या तोंडालाच ही बया काय सांगायची? खोट! विकायला काढलेल्या गायीची खोट!

"नमस्कार. ही गाय तिसऱ्या वेताची आहे. हिचा मागचा डावा सड बारीक आहे, आणि नव्या माणसाला ही पहिले चार दिवस लाथ मारते. हे चालत असेल त्यांनीच पुढं बघा."

मुक्ताबाईच्या फोनवर हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कडूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. विकणारा माणूस आपल्या तोंडानं खोट सांगतो? उभ्या हयातीत असला येडा बघितला नव्हता. आणि एवढं सांगूनही गाय चार दिवसांत गेली. लाथ मारणारी गाय!

"बारकी खोट सांगून मोठी लपवत असनार," कडूबाईनं निकाल दिला. "बाजारात हुता एक जन तसला. शिंग मोडकं हाय, शिंग मोडकं हाय म्हनून वरडायचा. लोक शिंग बघत बसायचे अन् गाय एका डोळ्यानं आंधळी निघायची."

"हिचं डोळं तर चांगलं टपोरं दिसत्यात," मुक्ताबाई फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हणाली.

"डोळं न्हाई तर दुसरं कायतरी आसंल. तू बंद कर ते. ऐकवत न्हाई मला."

त्या दिवसापासून बाई मागावरच लागली. आधी बादलीवर संशय. धनश्री कपडे धुवायला गेलेली बघून बादली उलटी केली, बुडाला ठोकून बघितलं, आत हात घालून चाचपली. साधी बादली. मग काट्यावर संशय. पाच किलोची साखरेची पिशवी अडकवली. काट्यानं बरोबर पाच दाखवले. कडूबाईला आनंद व्हायचा सोडून आणखीच राग आला. मग वाटलं, दुधात पाणी असेल. एका गोठ्यावर धनश्री गाय चालवायला नेताच ओंजळभर दूध पिऊन बघितलं. दूध दुधासारखंच होतं.

शेवटी मुक्ताबाईच्या फोनवरनं तिनं थेट जुन्नरवाल्याला फोन लावला. "गाय कशी हाय वो तुमची? पारनेरकडनं नेलेली?"

"एक नंबर, आजी. सांगितल्यापेक्षा अर्धा लिटर जास्तच देती."

कडूबाईनं फोन ठेवला आणि तोंड वाकडं केलं. "ह्यालाबी सामील करून घेतलाय."

"कशाला करंल?" मुक्ताबाई आता कंटाळली होती. "त्येचं काय अडलंय?"

"तेच तर शोधायचंय."

आणि मग एका दुपारी तिच्या कानावर ते पडलं. धनश्री कडब्याच्या गंजीच्या सावलीत बसून फोनवर बोलत होती. पलीकडं पंकजा नावाची तिची मैत्रीण. तिलाही गाया विकायचं हे काम शिकायचं होतं. कडूबाई वैरणीची पाटी घेऊन गंजीच्या ह्या बाजूला. पाय वाजू न देता उभी राहिली.

"पहिल्या मिनिटात खोट सांगायची, पंकजा," धनश्री सांगत होती. "कौतुक शेवटी. आणि तेही थोडंच. खोट आधी सांगितली ना, की माणूस पुढचं सगळं खरं धरून चालतो. मग त्याला गाय गळ्यात मारावी लागत नाही, तो आपणहून मागतो."

कडूबाईच्या हातातली पाटी जड झाली. म्हणजे हाही डावच! खरं बोलणंसुद्धा विकायचं औजार! खरं बोलणारी माणसं तिनं बघितली होती, खोटं बोलणारी तर ढिगानं. दोन्ही तिला शंभर पावलांवरनं ओळखू यायची. पण काय फायदा होईल ते बघून खरं बोलणारं माणूस कोणत्या दावणीला बांधायचं, हे तिला समजेना. आज फायद्यासाठी खरं बोलते, उद्या खोट्यात फायदा दिसला तर? तेव्हा थांबेल ही? कशावरनं?

त्यातच राजूरकडनं फोन आला. तिकडं डोंगरातल्या एका गावात नऊ बायांचा बचत गट होता, राजेश्वरी नावाची बाई त्यांची प्रमुख. त्यांना पाच गाया घ्यायच्या होत्या. एवढ्या लांब यायचं तर गाडीभाडंच अंगावर पडणार, आणि येऊन गायीतलं कळणारी त्यांच्यात कुणी नाही. त्यांनी धनश्रीचे व्हिडिओ बघितले होते. पहिली गाय गरीब स्वभावाची हवी, ती नीट निघाली तर उरलेल्या चार इथनंच नेणार.

"आत्या, आपली हौसा देऊ या का त्यांना?" धनश्रीनं जेवताना विचारलं. "तीन गायांची वैरण पुरत नाही, आणि तुमचे गुडघे असे. दिवाळीपासून बोलतोयच आपण. आणि पुढच्या चार गावातल्याच जातील. मुक्तामावशींची दुसरी."

हौसाला कडूबाईनं कालवड असल्यापासून वाढवलेलं. बोट धरून चालवावं तशी दाव्याला धरून चालवलेली. सुनेचं म्हणणं खोटं नव्हतं, पण पोटात तुटलं. ते तिनं तोंडावर दिसू दिलं नाही. "दे," म्हणाली. मनात मात्र दुसरंच शिजलं. बरं झालं! इतके दिवस दुसऱ्यांच्या गाया, त्यांच्यातलं आपल्याला काय कळणार? ही माझी गाय. हिच्या अंगावरचा केस अन् केस मला माहीत. आता ही पोरगी काय लपवते, काय फुगवते, ते समोर बसून बघते.

गुरुवारी संध्याकाळी पाच वाजता दाखवायचं ठरलं. ह्या वेळी आधी काढलेला व्हिडिओ नाही, जे काही व्हायचं ते त्या नऊ बायांच्या डोळ्यांसमोर, तिथल्या तिथं. त्या अंगणवाडीच्या ओट्यावर एकत्र बसून बघणार, मध्येच विचारणार, धनश्री उत्तर देणार. शुक्रवारी आणखी दोन धारा, आणि मग सौदा.

गुरुवारी सकाळी धनश्री हौसाच्या तब्येतीचा दाखला आणायला पारनेरला डॉक्टरांकडं गेली. अजिनाथ पहिल्या पाळीला. गोठ्यात कडूबाई एकटी. दोन गायांच्या धारा काढून झाल्या आणि ती बादली घेऊन हौसापाशी आली, आणि तिचा हात थांबला.

आता ह्यात बाजारातली एक चाल समजून घ्यायला पाहिजे. बाजाराच्या दिवशी गायीची सकाळची धार कुणीच काढायचं नाही. कास टम्म भरलेली दिसली पाहिजे. शिंगांना तेल लावतात, अंग धुतात, त्यातलाच तो प्रकार. घेणाराही काही दुधखुळा नसायचा. तो कास बघून मनातल्या मनात तिसरा हिस्सा वजा करूनच तोंड उघडायचा. विकणाऱ्याला ते माहीत, घेणाऱ्याला माहीत, त्यामुळं फसवणूक असं त्याला कुणी म्हणत नव्हतं. कडूबाईनंही कधी म्हटलं नाही. तिनं स्वतःच्या गाया तशाच नेल्या होत्या, आणि दुसऱ्यांच्या तशाच ओळखल्या होत्या.

म्हणून थांबला हात? एवढंच असतं तर गोष्ट वेगळी. पण त्याच क्षणी तिच्या डोक्यात दुसरा किडा वळवळला. धनश्रीनं कासेला हात लावला की तिला कळणारच, सकाळची धार राहिलेली आहे. मग तिच्यापुढं दोनच वाटा. त्या बायांना सांगायचं, नाहीतर गिळायचं. सांगितलं तर सौदा मोडला. आणि गिळलं तर सापडली! तीन महिने जे बादलीत सापडलं नाही, काट्यात सापडलं नाही, ते आज एका संध्याकाळी सापडणार. कडूबाईला आपलीच अक्कल एवढी आवडली की तिनं हौसाला ओंजळभर पेंड जास्तीची घातली.

आणि खरं सांगायचं तर आणखीही एक होतं, जे तिनं स्वतःशीसुद्धा कबूल केलं नसतं. हौसा जायची होती. जाताना तिनं त्या नऊ बायांच्या डोळ्यांत भरावं, अशी गाय बघितली नाही म्हणावं, असं तिला आतून वाटत होतं. ती रिकामी बादली घेऊन उठली.

दुपारपर्यंत हौसाची कास तटतटली. ती सारखा पाय बदलायला लागली, सडातनं दूध ठिबकायला लागलं. कडूबाईनं खाली वाळलं गवत टाकलं. हौसा मान वळवून तिच्याकडं बघायची, आणि कडूबाई दुसरीकडं बघायची. बिचारीला त्रास होत होता, दिसत होतं. पण आता इतका वेळ काढलाच आहे तर आणखी थोडा, असं म्हणत तिनं दुपार ढकलली.

धनश्री आली तेव्हा चार वाजून गेले होते. घाईघाईत साडी बदलली, स्टँड लावला, फोन चढवला. मुक्ताबाई आपली दुसऱ्या गायीची मालकीण ह्या नात्यानं आधीच येऊन दगडावर बसली होती. कडूबाई गव्हाणीला टेकून उभी राहिली.

फोनच्या काचेत नऊ तोंडं दाटीवाटीनं दिसली. एकीच्या कडेवर पोर. पुढं चष्मा लावलेली बाई, ती राजेश्वरी.

"नमस्कार, ताई," धनश्री म्हणाली. "ही हौसा. चौथं वेत. आधी खोट सांगते. हिला ऊन सोसत नाही. दुपारची सावली लागतेच, नाहीतर दूध कमी करते. आणि..."

बोलता बोलता ती वाकली, कासेला हात लावला, आणि तिचा आवाज तुटला. हौसाच्या पाठीवरनं तिनं सासूकडं बघितलं. एवढंच. कडूबाईनंही नजर खाली घेतली नाही. बोल, मनात म्हणाली. बोल की आता.

"आणि कानातल्या बिल्ल्याचा नंबर वाचून दाखवते," धनश्री म्हणाली आणि नंबर वाचला.

गिळली! सापडली! तीन महिने जीव टाकून शोधत होते ते हेच. आनंद व्हायला पाहिजे होता. पण झाला नाही. उलट सुनेच्या वाकलेल्या पाठीकडं बघून ‘मेले, बोल ना’ असं ओरडावंसं वाटलं. तिलाच कळेना आपल्याला नक्की काय हवं आहे.

धनश्रीनं रिकामी बादली काट्याला लावून दाखवली आणि धारेला बसली. दूध असं सुटलं की पहिल्या बादलीला फेस आला आणि दुसरी बादली लावावी लागली. काट्यावर दोन्ही मिळून साडेचौदा लिटर झालं. तिकडं नऊ बायांत एकदम गलका उठला.

"अगं बया! एका टायमाला साडेचौदा!"

"आपल्या सगळ्या गावाला व्हईल की गं!"

राजेश्वरीनं हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. तिचाही चेहरा उजळला होता. "ताई, आम्हाला पसंत आहे. उद्याच्या धारा नाही दाखवल्या तरी चालेल. उद्या सकाळीच टेम्पो पाठवतो. आणि बाकीच्या चारचंही धरून चाला."

मुक्ताबाईनं दगडावरच आनंदानं मांडीवर थाप मारली. धनश्रीनं पदराला हात पुसले. मग तिनं स्टँडवरचा फोन काढला.

"थांबा, ताई. एवढ्यात ठरवू नका. गाय माझी नाही, आमच्या आत्यांची आहे. सकाळची धार रोज त्याच काढतात. हौसा रोज किती दूध देते ते त्यांच्याच तोंडून ऐका."

आणि तिनं फोन सासूच्या समोर धरला.

कडूबाईला हे अजिबात अपेक्षित नव्हतं. काचेतनं नऊ जणी तिच्याकडं बघत होत्या. राजेश्वरीनं हात जोडले.

"रामराम, आजी. तुम्हीच कडूबाई ना? बघायचंच होतं तुम्हाला. ताई प्रत्येक व्हिडिओच्या शेवटी सांगतात, कडूबाईंच्या घरातनं गाय देतोय, त्यांच्या शब्दाला बट्टा लागणार नाही. आम्ही इथं चौकशी केली. बाजाराला जाणारे दोघं-तिघं म्हणाले, त्या बाईचं नाव असेल तर डोळे झाकून घ्या. म्हणून तर न बघता घेतोय आम्ही."

कडूबाईनं एकही व्हिडिओ शेवटपर्यंत ऐकला नव्हता. म्हणजे अकराच्या अकरा गाया तिच्या नावावर गेल्या होत्या! पहिल्यांदा राग आला. मला न विचारता? माझं नाव? हिच्या बापाचा माल आहे का? पण तो राग पुरता वर यायच्या आतच विझला. कारण अकरा गायांत त्या नावाला डाग लागला नव्हता. बाराव्या गायीला लागला होता, आणि तो कुणी लावला होता हे हौसाला माहीत होतं, धनश्रीला माहीत होतं, आणि तिला माहीत होतं.

"मग आजी?" राजेश्वरीनं विचारलं. "साडेचौदा रोजचंच का?"

मुक्ताबाई फोनच्या मागं उभी राहून जोरजोरात मान हलवत होती. हो म्हण. हो म्हण गं. माझी गाय जायचीय. आणि म्हणायचं तरी किती? ‘व्हय.’ एक शब्द. बाजारात उभी असती तर कडूबाई म्हणालीही असती, समोरच्यानं मनात वजाबाकी केलीच असती. पण ह्या बाया कुठं बाजारात उभ्या होत्या? त्यांना कुठं माहीत होतं वजा करायचं?

"न्हाई," कडूबाई म्हणाली.

आवाज इतका बारीक निघाला की पलीकडनं "काय?" आलं.

"न्हाई म्हनलं. सकाळची धार काढल्याली न्हाई. मीच ठिवली. हिला म्हाईत न्हवतं. गाय एका टायमाला नऊ लिटर देती. परवा आठच दिलं."

मुक्ताबाईची मान हलायची थांबली. काचेतल्या नऊ तोंडांवरचं हसू एकेक करून गेलं. त्यांच्यातली एक मागनं हळूच म्हणाली, पण फोनमध्ये सगळं ऐकू येतं: "मग आधीच्या अकरा?"

राजेश्वरीनं चष्मा नीट केला. "आजी, आधीच्या गायांचं काय? त्याही अशाच?"

"न्हाई, न्हाई!" कडूबाई एकदम पुढं झाली. "त्या हिनं दिल्या. त्या खऱ्या हाईत. मी हिच्या मागावर हुते, बाई. काटा तपासला, बादली तपासली, घेनाराला फोन केला. कुटं काय घावलं न्हाई. खोटं झालं ते आजच, अन् ते मी केलं. हौसाची सकाळची धार माझ्याकडं असती. तुमी हिला काय म्हनू नका."

हौसा आता मोकळी होऊन शांतपणे रवंथ करत होती. तिकडं बायांची आपसात कुजबुज झाली, राजेश्वरी मागं वळून काहीतरी बोलली, परत पुढं आली. ती रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं, कडूबाईनं परतून चार शब्द ऐकवले असते.

"नऊ लिटरही आम्हाला चालतं," ती म्हणाली. "उद्या सकाळी परत दाखवा, संध्याकाळीही दाखवा. मग बघू. पण आजी, राग मानू नका, एक विचारते."

"इचार."

"धार कोण काढणार?"

वीस वर्षं भर बाजारात हा प्रश्न कडूबाईला कुणी विचारला नव्हता. लोक तिला विचारायचे, दुसऱ्याच्या धारेवर विश्वास ठेवू का म्हणून. तिनं आपल्या हातांकडं बघितलं. नखांच्या कडेला अजून पेंडीचा भुसा अडकलेला होता. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते तिनं पुसलं नाही, कारण पुसलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं, आणि तसंही सगळ्यांना दिसतच होतं.

"सून काढंल," ती म्हणाली. "दावनीला आजपासनं तीच. मी गोठ्यात पाय ठेवनार न्हाई. त्या तिथं लिंबाखाली बसंल, फोनमधी दिसंल अशी. माझं हात तुमाला दिसत ऱ्हातील."

राजेश्वरी नको म्हणेल, अहो आजी असं कशाला म्हणेल, असं कडूबाईला वाटलं. तिनं वाट बघितली.

"चालेल," राजेश्वरी म्हणाली, आणि काच काळी झाली.

मुक्ताबाई आपल्या गोठ्याकडं निघून गेली. धनश्रीनं फोन खाली ठेवला, सासूकडं न बघता दोन्ही बादल्या उचलल्या आणि दूध घालायला डेअरीवर गेली.